एव्हरीथिंग किंवा विंडोज सर्च ही फाइली शोधणारी टूल्स वापरल्यामुळे घरातल्यांना माझ्या खासगी फाइली दिसतील का?

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप एकच आहे, भाऊ आणि वडीलही तोच वापरतात आणि सगळे एकाच पासवर्डने आत शिरतात. मग सर्चचा विषय नंतर. आधी प्रत्येकाला वेगळं अकाउंट करून द्या आणि अ‍ॅडमिनचे अधिकार फक्त स्वतःकडे ठेवा. एकाच अकाउंटवर कुठलीही सेटिंग बदलली तरी फारसा उपयोग नाही.

आता तुम्ही विचारलेली दोन टूल्स. विंडोज सर्च फाइलींची नावं टिपतंच, शिवाय वर्ड, पीडीएफ वगैरेंच्या आतला मजकूरही वाचून स्वतःच्या डेटाबेसमध्ये, म्हणजे सूचीत, ठेवतं. म्हणजे तुमच्या फाइलीतल्या मजकुराची नोंद आणखी एका ठिकाणी होते. पण निकाल दाखवताना ते परवानग्या बघतं. भावाच्या अकाउंटवरून तुमच्या डॉक्युमेंट्समधलं काही येत नाही.

एव्हरीथिंगचं उलटं आहे. ते मजकुराची सूची आपणहून करत नाही, फक्त नावं घेतं. पण ती थेट एनटीएफएस (विंडोजची फाइली मांडायची पद्धत) ड्राइव्हच्या मास्टर फाइल टेबलमधून, म्हणजे सगळ्या फाइलींच्या नोंदवहीतून, म्हणून तर इतकं झटपट चालतं. या टेबलात परवानग्यांची आडकाठी नसते. त्यामुळे त्याची सर्व्हिस (मागे गुपचूप चालणारा भाग) बसवलेली असेल, तर भाऊ त्याच्या अकाउंटवरून नुसतं 'रिपोर्ट' टाइप करेल आणि तुमच्या फोल्डरमधली 'मानसोपचार_रिपोर्ट_मार्च.पीडीएफ' यादीत दिसेल. उघडायला गेला तर विंडोज अडवेल, पण नावानेच सगळं सांगून टाकलं की! घरात एव्हरीथिंग ठेवायचंच असेल तर नावं निरुपद्रवी द्या. त्यात एचटीटीपी आणि एफटीपी सर्व्हर (नेटवर्कवरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून फाइली शोधायची सोय) असतात, ते मुळात बंदच असतात. तसेच राहू द्या.

डेटा बाहेर जातो का, हा तुमचा दुसरा प्रश्न. ही भीती अगदीच हवेतली नाही. गुगल डेस्कटॉप या फाइली शोधणाऱ्या सॉफ्टवेअरने 2006 मध्ये एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावरच्या फाइली शोधायची सोय आणली होती. ती चालू केली की फाइलींचा मजकूर गुगलच्या सर्व्हरवर जायचा. त्यावर तेव्हा बरीच टीका झाली, आणि 2011 मध्ये ते सॉफ्टवेअरच बंद पडलं. आज विंडोजची सूची तुमच्याच डिस्कवर असते. मात्र टास्कबारच्या सर्चमध्ये टाइप केलेले शब्द वेबवरच्या सुचवण्यांसाठी मायक्रोसॉफ्टच्या बिंग या सर्च इंजिनकडेही जातात. त्यामुळे फाइल शोधायची तर फाइल एक्सप्लोररमध्येच शोधावी, हे माझं मत.

विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग 'सर्चिंग विंडोज' (नव्या आवृत्त्यांत नुसतं 'सर्च') असं जा. तिथे 'क्लासिक' ठेवा. 'एन्हान्स्ड' निवडलंत तर अख्खा कॉम्प्युटर धुंडाळला जातो. खासगी फोल्डर त्याच पानावर वगळता येतो. फोल्डर वगळल्यावर 'इंडेक्सिंग ऑप्शन्स'मधल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये जाऊन 'रिबिल्ड' करा, म्हणजे सूची नव्याने तयार होईल.

लॅपटॉप दुरुस्तीला जाणार असेल किंवा चोरीला गेला, तर मात्र यातलं काहीच पुरत नाही. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली की अकाउंट आणि परवानग्या दोन्ही निकामी, आणि सूचीची फाइलही त्याच डिस्कवर असते. तेव्हा पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करा, म्हणजे किल्लीशिवाय ती वाचताच येणार नाही: प्रो आवृत्तीत बिटलॉकर आहे, होममध्ये हार्डवेअर चालत असेल तर 'डिव्हाइस एन्क्रिप्शन'. रिकव्हरी की (अशी डिस्क उघडायची राखीव किल्ली) कागदावर लिहून लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका. आणि ते 'रिबिल्ड' रात्री लावा. फाइली जास्त असतील तर बराच वेळ खातं, तोवर सर्च अर्धवटच निकाल देतं.