वेढ्यातल्या कागदी पैशाला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा: शहर वेढ्यात असताना तिथल्या सेनापतीने काढलेल्या तात्पुरत्या कागदी पैशाला 'आणीबाणीचे चलन' म्हणावे, 'वेढा-नोट' की 'हुंडी'? आणि अशा नोटा 'छापल्या' म्हणावे की 'पाडल्या'?

'वेढ्याच्या नोटा' हा सरळ शब्द मला सर्वांत योग्य वाटतो. 'वेढा-नोट' ही जोडणी मराठी कानाला खटकते. 'आणीबाणीचे चलन' चुकीचे नाही, पण त्याचा आवाका फार मोठा आहे. १९१४ नंतर जर्मनीत नगरपालिकांनी आणि कारखान्यांनी काढलेले 'नोटगेल्ड' त्यात बसते, आणि तिथे वेढा नव्हता. (त्या शब्दातला 'नोट' म्हणजे आपली नोट नव्हे. जर्मनमध्ये त्याचा अर्थ नड. म्हणजे नडीचा पैसा.)

'हुंडी' मात्र नको. हुंडीत एक जण दुसऱ्याला 'अमक्याला इतके द्या' असे लिहितो. वेढ्याच्या नोटेवर बहुधा काढणाऱ्याचेच वचन असते, म्हणून ती स्वभावाने वचनचिठ्ठी. सुदानमधल्या खार्टूमच्या वेढ्यात ब्रिटिश सेनापती गॉर्डनने काढलेल्या नोटांवर २५ एप्रिल १८८४ ही तारीख आहे. रक्कम सहा महिन्यांनी खार्टूम किंवा कैरोच्या खजिन्यातून मिळेल, असे वचन आहे. मुदत भरली तेव्हा वेढा उठलेला नव्हता आणि २६ जानेवारी १८८५ ला शहर पडले. 'मुदती' हे विशेषण इथे चपखल बसते, पण 'मुदती हुंडी' नव्हे, 'मुदती वचनचिठ्ठी'.

दक्षिण आफ्रिकेतल्या माफेकिंगच्या वेढ्यातल्या (१८९९-१९००) नोटांवर तारखेची मुदत नाही, अट आहे: नागरी कायदा पुन्हा सुरू झाल्यावर स्टँडर्ड बँकेच्या तिथल्या शाखेत नाणी मिळतील. त्यामुळे क्रियापदही नीट निवडावे लागते. वेढा चालू असताना ती नोट 'चालते'. वेढा उठल्यावर बँकेत ती 'वटवतात'. 'मोडतात' म्हणू नये: 'मोडणे' म्हणजे सुटे घेणे, आणि सुट्यांची चणचण हेच तर अशा नोटा निघण्याचे मोठे कारण: लोक नाणी दडवून ठेवतात, शिपायांचा पगार आणि रोजची खरेदी अडते. म्हणूनच तिथे एक, दोन आणि तीन शिलिंगांच्याही नोटा निघाल्या.

'पाडल्या' फक्त नाण्यांसाठी. 'छापल्या' हेही प्रत्येक ठिकाणी खरे नाही. माफेकिंगची दहा शिलिंगांची नोट क्रोके खेळाच्या लाकडी हातोड्यावर कोरलेल्या ठशाने छापली. तिच्या काही प्रतींवर 'कमांडिंग' या इंग्रजी शब्दातले 'डी' गळाले आहे. एक पौंडाच्या नोटेसाठी मात्र तिथला सेनापती बेडन-पॉवेल याने काढलेल्या चित्राचा फोटो घेतला आणि लोहक्षार लावलेल्या कागदावर उन्हात तिच्या निळ्या प्रती काढल्या. १८०७ मध्ये प्रशियातल्या कोलबर्गला वेढा पडला तेव्हा तर २, ४ आणि ८ ग्रोशेनच्या नोटा पुठ्ठ्यावर हाताने लिहिल्या. 'नोटा काढल्या' हे क्रियापद या सगळ्यांना लागू पडते.

अपवाद नेदरलँड्समधल्या लायडनचा. तिथे १५७४ च्या वेढ्यात प्रार्थनापुस्तकांचा कागद दाबून, त्यावर ठसा मारून गोल तुकडे केले. त्यांना नोटा म्हणू नये. ती 'कागदी नाणी', आणि ती मात्र खुशाल 'पाडावीत'.