नऊशे रुपयांचा फरक

कंपू, लष्कर, ग्वाल्हेर

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

गाडी लीजवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाड्याने, घ्यायची म्हणून तू पाठवलेले दोन्ही कोटेशनचे फोटो मोठे करकरून वाचले. दिल्लीच्या ब्रोकरचं महिन्याला 18,500, झाशी रोडच्या शोरूमचं 19,400. दोन्ही 48 महिन्यांची, गाडी तीच, रंगही तोच. आणि खाली तुझा प्रश्न : काका, ब्रोकर नऊशेने स्वस्त देतोय, मग शोरूमकडे कशाला जाऊ? फोनवर दोन वाक्यांत सांगता आलं असतं, पण तू 'बरं काका' म्हणून संध्याकाळपर्यंत टोकन पाठवून मोकळी झाली असतीस. म्हणून सविस्तर लिहितोय.

मी या धंद्यात दोन्ही खुर्च्यांवर बसलोय. सोळा वर्षं शोरूममध्ये फायनान्सचं टेबल सांभाळलं, नंतर नऊ वर्षं स्वतः एजंट म्हणून फिरलो. तेव्हा आधी हे समजून घे की दोघांनाही पगार तू देत नाहीस. लीज कंपनी देते. गाडी सुटली, म्हणजे गिऱ्हाइकाच्या हाती गेली, की कंपनीकडून एजंटला पेआउट, म्हणजे कमिशन, येतो, शोरूमच्या टेबलालाही येतो. ब्रोकर म्हणतो, 'मॅडम, आमची फी शून्य.' खरंच आहे ते. फी तुझ्या भाड्यात आधीच कालवलेली असते, वेगळी कशाला मागेल? शोरूमवाला फी हा शब्दच काढत नाही, पण त्याच्याकडे बहुतेक वेळा एकाच कंपनीचं टायअप असतं आणि तो तीच कंपनी तुझ्या गळ्यात घालतो. ब्रोकरचा खरा उपयोग इथे आहे. चांगला ब्रोकर तीन-चार कंपन्यांचे भाव समोर ठेवतो. तुझ्याने एकच ठेवलाय, म्हणजे त्याच्याकडून मिळायचा तो फायदाही तुला मिळालेला नाही.

आता आकडे बघू. कागद-पेन घे.

लीजचं भाडं आकाशातून पडत नाही. त्यात तीन गोष्टी असतात : गाडीची धरलेली किंमत, चार वर्षांनी तिची राहील असं मानलेली किंमत (तिला रेसिड्युअल म्हणतात) आणि व्याजाचा दर. समज, गाडी 8 लाखांची धरली आणि चार वर्षांनी 3 लाख 20 हजारांची राहील असं मानलं. मधले 4 लाख 80 हजार तू झिजवणार, ते भागिले 48, झाले 10,000. आता व्याज. कंपनीचा पैसा सुरुवातीला 8 लाख अडकलेला, शेवटी 3.2 लाख, सरासरी 5.6 लाख. 10 टक्क्यांनी वर्षाचे 56,000, महिन्याचे साधारण 4,667. बेरीज 14,667. त्यावर जीएसटी. लीजच्या भाड्यावर गाडीला लागतो त्याच दराने कर लागतो. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतली, 1200 सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी 18 टक्क्यांत आली, तुझी त्यातच बसते. म्हणजे 2,640 आणखी. सगळं मिळून 17,307.

ब्रोकर 18,500 मागतोय. माझ्या अंदाजाचे आकडे थोडे इकडेतिकडे असतील, पण महिन्याला बाराशेचा फरक कुठेतरी जातोच आहे. 48 महिन्यांचे सत्तावन्न हजार. एक तर त्याने व्याज चढं लावलंय किंवा रेसिड्युअल पाडलीय, किंवा गाडीवर मिळालेली सूट तुझ्यापर्यंत पोचू दिलेली नाही. तिसरी युक्ती मी स्वतः खूप वापरली, म्हणून सांगतो. शोरूम गाडीवर तीस हजार सोडतं आणि भाडं मात्र पूर्ण किमतीवर बांधलं जातं. गिऱ्हाईक फक्त महिन्याचा आकडा बघतं, त्यामागची किंमत कोणी विचारत नाही. तू विचार. तिन्ही आकडे लेखी माग, व्हॉट्सअॅपवर नको, मेलवर. किंमत जीएसटीसकट धरलीय की वगळून, हेही विचार. सकट धरली असेल तर कराच्या पैशांवर पुन्हा कर भरशील. आणि एक लक्षात ठेव : बँकेच्या कर्जावरच्या व्याजाला जीएसटी नाही, लीजमध्ये मात्र अख्ख्या भाड्यावर आहे, त्यातल्या व्याजाच्या भागावरही. बँकेला 1 ऑक्टोबर 2024 पासून कर्जाच्या एकूण खर्चाचा कागद गिऱ्हाइकाला द्यावाच लागतो, केएफएस (की फॅक्ट्स स्टेटमेंट) म्हणतात त्याला. लीजचा तसा कागद मला आजवर कोणी आपण होऊन दिलेला नाही.

पण हा सगळा हिशोब बाजूला ठेवला तरी तुझ्या बाबतीत दुसरंच काहीतरी आडवं येतंय. ब्रोकरच्या कोटेशनची तिसरी ओळ बघ, बारीक अक्षरातली : वर्षाला 12,000 किलोमीटर, वर गेल्यास किलोमीटरमागे 8 रुपये. तू फिजिओथेरपिस्ट, घरोघरी जातेस. डबऱ्याला आठवड्यातून दोनदा, जाऊन-येऊन नव्वद. वर्षाचे पन्नास आठवडे धरले तरी 9,000 झाले. लष्कर, थाटीपूर, मुरार मिळून रोजचे पंचवीस, तीनशे दिवसांचे 7,500. एकूण 16,500. दरवर्षी 4,500 जास्त, म्हणजे 36,000 रुपये. चार वर्षांत 1 लाख 44 हजार. आणि तू नऊशेच्या फरकावर, चार वर्षांच्या 43,200 वर, खूश होऊन बसलीस! शोरूमच्या कोटेशनमध्ये मर्यादा 15,000 ची आहे आणि सर्व्हिस भाड्यातच धरलीय. ब्रोकरच्या कागदात सर्व्हिसचा शब्द नाही. म्हणजे मुळात तो स्वस्तही नाही.

मर्यादा आधीच वाढवून मागायची असते. सुरुवातीला 18,000 ची घेतली तर भाड्यात थोडी भर पडते, पण शेवटी दंडाच्या भावाने भरण्यापेक्षा ती परवडते.

आता नंबर प्लेट. ब्रोकर म्हणतो गाडी हरियाणा पासिंगची मिळेल, लवकर मिळेल. मोटार वाहन कायद्याचं कलम 47 असं की एका राज्याची गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो, आणि नंबर आला की इथला रोड टॅक्सही आला. चार वर्षं गाडी ग्वाल्हेरात राहणार, मग तो खर्च कोणाचा? ब्रोकर म्हणेल, 'कोणी विचारत नाही मॅडम.' मीही असंच म्हणायचो.

याच कायद्यात लीजच्या गाडीची मालक कोण, याचं उत्तर आहे : करारानुसार जिच्या ताब्यात गाडी आहे ती. तेव्हा आरसी तुझ्या नावावर आणि तिच्यावर कंपनीच्या कराराची नोंद, असं करता येतं. त्याच्या अर्जावर दोघांच्या सह्या लागतात. कंपनी तयार आहे का हे आधी विचार, कारण त्यावर आणखी एक गोष्ट अडकलीय, आपला मेळा, ग्वाल्हेरचा व्यापार मेळा. माधवराव शिंदे महाराजांनी 1905 मध्ये सुरू केलेल्या या मेळ्यात घेतलेल्या गाडीवर टॅक्समध्ये 50 टक्के सूट मिळते, ते ग्वाल्हेरात कोणाला सांगायला नको. इंदूरचे, भोपाळचे लोक इथे येऊन गाडी उचलतात. पण नोंदणी ग्वाल्हेर आरटीओत, एमपी 07 लागली पाहिजे. हरियाणाच्या प्लेटला मेळा काय आणि टॅक्स काय! सवलतीचा आदेश भोपाळहून निघेपर्यंत लोक बुकिंग करून थांबतात, तूही थांब, दोन-चार आठवड्यांनी तुझे पेशंट पळून जात नाहीत. आणि थांबलीच आहेस तर मेळ्यात हीच गाडी कर्जावर घेतली तर काय पडते, तोही आकडा काढ. मला विचारशील तर इतकं धावणाऱ्या माणसाने लीज घेऊच नये. पण तुझं म्हणणं की एकदम दीड लाख भरायला नाहीत, क्लिनिकचं मशीन घ्यायचंय. तेही खरं आहे. म्हणून हट्ट करत नाही.

मेळ्यात जानेवारीत गाड्या पाहशील तेव्हा मागच्या वर्षी बनलेल्या गाड्यांवर जास्त सूट दिसेल. विकत घ्यायची असेल तर विचार कर. लीजवर तशी गाडी ब्रोकरने नव्याच्या किमतीत लावली तर तुला कळणारही नाही. टायरवर चार आकडे कोरलेले असतात : 4824 म्हणजे 2024 सालचा अठ्ठेचाळिसावा आठवडा. गाडीचं वय त्यावरून नेमकं नाही कळलं तरी विचारायला सुरुवात होते.

विम्याचं थोडक्यात. पॉलिसी कंपनीच्या नावावर असेल तर वर्षभर क्लेम न केल्याचा बोनस तुझ्या खात्यात जमा होत नाही. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी आयडीव्हीएवढे (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीएवढे) पैसे देईल, लीज कंपनीला. दुसऱ्या वर्षात आयडीव्ही नव्या किमतीच्या 20 टक्के खाली असते. उरलेला फरक करारानुसार तुझ्या डोक्यावर येतो का, ते पान शोधून वाच.

आता माझ्याच हातून झालेली एक गोष्ट सांगतो. जनकगंजमधल्या एका शाळेतल्या सरांना मी गाडी लीजवर लावून दिली होती. नाव नको. कंपनी बाहेरची. चार वर्षं सरांनी गाडी पोटच्या पोरासारखी सांभाळली, दर रविवारी फडक्याने पुसायचे. परत करायच्या दिवशी कंपनीचा एक पोरगा आला. त्याने टॉर्च घेतला आणि दार उघडायच्या आधीच गाडीभोवती फिरत फोटो काढायला लागला. मागच्या बंपरला बोटभर ओरखडा, फोटो. डाव्या दाराच्या कडेला रंगाची टिकली उडालेली, फोटो. सीटवर चहाचा डाग, फोटो. मग म्हणाला, 'सर, दुसरी किल्ली?' सरांनी घरभर शोधली. नव्हती. महिन्याने 38,000 चं बिल आलं. सर मला काही बोलले नाहीत, चहा पाजला फक्त. मी कंपनीला फोन केला तर उत्तर आलं, तुम्ही एजंट आहात, तुमचा संबंध गाडी सुटेपर्यंत. आणि ते बरोबर होतं. माझा पेआउट चार वर्षांपूर्वी येऊन खर्चून झालेला होता.

शोरूम त्या दिवशी फार काही करेल असं नाही. पण त्याचं वर्कशॉप गावात आहे, दार उघडं आहे. परतीच्या महिनाभर आधी तिथेच गाडी दाखवून, डेंट-पेंट आपल्या भावाने काढून घेता येतं. दिल्लीच्या ब्रोकरचा तेव्हा नंबरही बदललेला असेल.

तर असं कर. शोरूममध्ये जा आणि ब्रोकरचं कोटेशन टेबलावर ठेव. त्यांना सांग, हाच आकडा, 18,000 किलोमीटर, आरसी माझ्या नावावर, एमपी 07. महिनाअखेरीस जा, टार्गेट अपुरं असलं की टेबलावरचा माणूस मऊ होतो. ब्रोकरला सरळ नाही म्हणू नकोस, आणखी दोन कंपन्यांचे भाव माग. दिलेच तर ते घेऊनही शोरूममध्येच जा. टोकन असो की डिपॉझिट, कोणाच्याही स्वतःच्या यूपीआयवर एक रुपया टाकायचा नाही, फक्त लीज कंपनीच्या खात्यात. आणि सहीच्या आधी करार मला दाखव. चौदा-पंधरा पानं असतील, मी सहावं पान आधी वाचतो, परतीच्या अटी साधारण तिथेच असतात.

तोवर आठवडाभर स्कूटीचं मीटर रोज रात्री वहीत टिपून ठेव. माझे 16,500 अंदाजाचे आहेत, तुझे खरे असतील.

तुझा,
काका

ता. क. दुसरी किल्ली डिलिव्हरीच्या दिवशीच मागून घे आणि आईकडे ठेवायला दे. तुझ्याकडे नको.