औषधशास्त्राच्या शिक्षणाचे जनक कोण?

प्रश्न : माझे आजोबा बडोद्यात एका दवाखान्यात कंपाउंडर होते. आता माझी मुलगी बी. फार्म. या औषधशास्त्राच्या पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. तिच्या महाविद्यालयात ६ मार्च रोजी प्रा. महादेव लाल श्रॉफ यांची जयंती साजरी झाली. हे गृहस्थ कोण, आणि आजोबांच्या कामापेक्षा नातीचे शिक्षण वेगळे कशामुळे ठरले?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आपण दोन प्रश्न विचारले असले तरी त्यांचे उत्तर एकच आहे : भारतातील औषधशास्त्राच्या शिक्षणाचे जनक मानले जाणारे श्रॉफ यांनी विद्यापीठात सुरू केलेले शिक्षण. आजोबांच्या पिढीतील कंपाउंडर हे काम डॉक्टरांच्या हाताखाली पाहून पाहून शिकत. खलात औषध घोटणे, मिश्रण बाटलीत भरणे आणि मात्रा कळाव्यात म्हणून कातरलेली कागदाची पट्टी बाटलीला चिकटवणे यांत मोठे कौशल्य होते. परंतु हाती आलेली पूड शुद्ध आहे की भेसळीची, हे तपासण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते आणि ते त्यांना कोणी शिकवलेही नव्हते. क्विनाइनसारख्या जीवरक्षक औषधातही भेसळ होत असल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की, सरकारने १९३० मध्ये कर्नल रा. ना. चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली. समितीने पुढील वर्षी दिलेल्या अहवालात औषधांवर नियंत्रण असावे आणि औषध हाताळणारा माणूस शिकलेला असावा, अशा दोन्ही गोष्टी सुचवल्या.

नियंत्रणाचा कायदा होण्यास १९४० साल उजाडले आणि व्यवसायाचा फार्मसी कायदा तर १९४८ मध्ये झाला. श्रॉफ मात्र कायद्यासाठी थांबले नाहीत, आणि मला त्यांचे हेच मोठेपण वाटते. १९०२ मध्ये बिहारमधील दरभंगा येथे जन्मलेल्या आणि अमेरिकेत शिकून आलेल्या या रसायनज्ञाने पंडित मदनमोहन मालवीय यांच्या पाठिंब्याने १९३२ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात औषधी रसायनाचे शिक्षण सुरू केले. १९३७ मध्ये त्याचे तीन वर्षांच्या बी. फार्म. अभ्यासक्रमात रूपांतर झाले. भारतीय विद्यापीठातील ही या विषयाची पहिली पदवी होय. म्हणजे नोंदणीकृत फार्मासिस्ट ही कल्पना कायद्यात येण्याच्या अकरा वर्षे आधीच पदवीचे शिक्षण सुरू झाले आणि कायदा होईपर्यंत शिकलेली मुले बाहेर पडू लागली होती. ती नसती तर कायद्याने नोंदणी कोणाची करायची, हा प्रश्नच होता.

श्रॉफ यांनी केवळ वर्ग चालवले नाहीत. व्यावसायिकांची संघटना उभारण्यात ते पुढे होते. १९३९ पासून त्यांच्या पुढाकाराने या शास्त्राचे नियतकालिक निघू लागले, त्यामुळे येथील संशोधनाला प्रसिद्धीसाठी स्वतःची जागा मिळाली. पुढे राजस्थानातील पिलानी येथेही त्यांनी या शिक्षणाची पायाभरणी केली. १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या अभ्यासक्रमाचा ओढा रसायन आणि औषधनिर्मितीकडे होता. देशात औषधे बनवणारे आणि तपासणारे हात हवे होते, त्यामुळे तो ओढा त्या काळी योग्यच होता. पण त्यामुळे पदवीधर कारखान्यात गेला आणि औषधांच्या दुकानाचा गल्ला प्रामुख्याने पदविकाधारकांकडे राहिला, हा परिणाम आजही जाणवतो. २००८ मध्ये रुग्णसेवेवर भर देणारा फार्म. डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) अभ्यासक्रम आला आणि २०१५ च्या व्यवसाय विनियमांनी रुग्णाला औषधाविषयी समजावून सांगणे हे फार्मासिस्टचे कर्तव्य ठरवले, तेव्हा कुठे रुग्णाकडे पुन्हा लक्ष वळले.

आपल्या बडोद्याचाही या कथेशी जवळचा संबंध आहे. महाराज सयाजीरावांच्या काळात, १८९० मध्ये, प्रा. त्रि. क. गज्जर यांनी कलाभवन सुरू केले, तेथे विज्ञान उद्योगाशी जोडून शिकवले जाई. १९०७ मध्ये गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन यांनी उभारलेला अलेम्बिक हा औषधांचा कारखाना पुढे याच शहरात वाढला. श्रॉफ यांनी विद्यापीठात जे घडवले, त्याची उद्योगाच्या बाजूने झालेली पूर्वतयारी मला येथे दिसते. मुलीला एकदा कलाभवनाची इमारत दाखवावी आणि आजोबांचा खलबत्ता घरात अजून असेल, तर तोही तिच्या हाती द्यावा.