विज्ञान प्रकल्पाचे आकडे पुस्तकाशी जुळत नाहीत. चर्चा आणि निष्कर्षात काय लिहावं, किती पानं?

शिकवणीच्या बाई आकडे 'बरोबर करून' निष्कर्ष लिहा म्हणतात, हे तुमचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. एकही आकडा बदलू नका.

मी महाबळेश्वरचा. नववीत आमचा प्रकल्प होता, मिठाने पाण्याचा उत्कलनांक वाढतो का. एक लिटर पाण्यात आधी ५८ ग्रॅम मीठ, मग एकूण ११६. साधं पाणी उकळलं ९६ अंशांना, मीठ टाकल्यावर ९७, मग ९८. सर म्हणाले, "पाणी शंभरला उकळतं हे पाचवीतलं पोरही सांगेल. १००, १०१, १०२ लिहा." लिहिलं. लाल शाईची चौकट आखून लिहिलं. साताऱ्याच्या प्रदर्शनात परीक्षकांनी वही चाळली आणि विचारलं, "प्रयोग कुठे केलात?" म्हटलं, शाळेत. "म्हणजे वर? मग शंभर कसे?" मी सरांकडे पाहिलं. सर पंख्याकडे बघत होते.

महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर. हवेचा दाब कमी, त्यामुळे दर ३०० मीटरला उत्कलनांक साधारण अंशभर उतरतो. आमच्याकडे कुकरशिवाय डाळ लवकर शिजत नाही हे आजी रोज बोलायची. वहीतला सगळ्यात मोलाचा आकडा ९६ होता, तोच आम्ही खोडला.

पुढे एका लग्नात सर भेटले. म्हणाले, "तो परीक्षक आडवा आला, नाहीतर नंबर आपलाच होता." अजून!

तर चर्चेत हेच लिहायचं: काय अपेक्षित होतं, काय आलं, फरक कशामुळे असावा. निष्कर्षात फक्त मूळ प्रश्नाचं उत्तर. आमचं उत्तर होतं, 'मिठाने उत्कलनांक वाढतो, ५८ ग्रॅमला सुमारे एक अंश.' खऱ्या आकड्यांतूनही तेच निघत होतं, मग खोटेपणा करून मिळवलं काय? 'मानवी चुकांमुळे फरक पडला' हे तर लिहूच नका. कोणती चूक, किती, ते सांगा. 'खूप शिकायला मिळालं' हे ऋणनिर्देशात टाका.

आता, तुमचा प्रयोग कशावर आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. कधी कधी आकडा खरंच चुकलेला असतो. तापमापी वितळत्या बर्फात शून्य दाखवते का, हे आम्हीही पाहिलं नव्हतं, आणि तिच्यावर रेघा अंशाअंशाच्याच होत्या. तेव्हा आधी प्रयोग आणखी दोनदा करून बघा.

पानांचं म्हणाल तर चर्चा दीड-दोन, निष्कर्ष पाच-सहा ओळी. स्पर्धेचं नियमपत्रक असेल तर ते बघा.