बेडफर्ड ओबी घेतलीत ना? रंगाचं नंतर बघा, आधी पत्रा उघडा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. १९४९ची ओबी (बेडफर्डची जुनी छोटी प्रवासी बस), डुपल कंपनीची व्हिस्टा बॉडी, बर्मिंगहॅमजवळच्या एका शेडमधून उचललेली, इंजिन फिरतंय. वर्कशॉपवाला म्हणतो, "दार जरा घासतंय, खालचे पत्रे बदलून रंग मारून देतो." आणि तुमचा प्रश्न, रंग मूळचा ठेवावा की क्रीम-हिरवा?

रंग राहू दे. "दार जरा घासतंय" हे वाक्य आम्हीही ऐकलंय, आणि ते आम्हाला इंजिनापेक्षा महाग पडलं.

इंजिनाबद्दल मी काहीच लिहीत नाही. साडेतीन लिटरचं ते सहा सिलिंडरी पेट्रोल इंजिन बेडफर्डच्या ट्रकांनाही असायचं, त्यामुळे जाणकार भेटतात आणि भागही मिळतात. या गाडीचा जीव बॉडीत असतो. चासी बेडफर्ड बनवणाऱ्या व्हॉक्सहॉलच्या ल्यूटन कारखान्याची, बॉडी हेंडनच्या डुपलची. बाहेरून सगळा पत्रा दिसतो, पण आत ॲशच्या लाकडाचा सांगाडा आहे. ॲश चिवट आणि लवचीक, धक्के सोसायला उत्तम. ओल मात्र त्याला अजिबात सोसत नाही. खिडकीच्या रबरातून किंवा छताच्या पन्हाळीतून शिरलेलं पाणी खांबाच्या आतून उतरतं आणि खांब जिथे तळपट्टीला मिळतो तिथे साचतं. तिथलं लाकूड आधी काळं पडतं, मग भुसभुशीत होतं. खांब खचला की दाराची चौकट तिरकी होते आणि दार घासायला लागतं. म्हणजे दाराला काहीच झालेलं नसतं!

आमच्या गाडीचं काम ज्यांना दिलं त्यांचं नाव घेत नाही, उगाच वाद नको. त्यांनी कुजलेल्या खांबांच्या पायथ्याला रेझिन ओतलं, वर लांबी (पुट्टी) भरली, नवे ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकले आणि रंगाचे असे हात दिले की बघतच राहावं. पुढच्या हिवाळ्यात चाकाच्या कमानीवर रंगाला फोड आले. पट्टी काढली तर स्क्रू पेचकस न लावता बोटांनी बाहेर आला, सोबत चिमूटभर ओला भुसा. पत्र्याच्या मागे पांढरी भुकटी जमली होती, कारण लोखंडी स्क्रू आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये काहीही न लावता ते बसवले होते. ओल मिळाली की या दोन धातूंचं पटत नाही आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. तक्रार केल्यावर उत्तर काय, तर "बिलावर पत्रे बदलणे असं लिहिलंय. पत्रे बदललेत." यावर काय बोलणार! सगळं पुन्हा उघडलं, नवे पत्रे भंगारात गेले आणि रंगाचे पैसे पाण्यात.

म्हणून माझं मत (मी सुतार नाही, वकील तर नाहीच, तेव्हा तारतम्याने घ्या): रंगाचा विषय निघायच्या आधी दाराचा खांब, दोन्ही मागच्या चाकांच्या कमानी आणि मागच्या डिकीची चौकट, एवढ्या ठिकाणचे पत्रे काढायला लावा. टोच्या घेऊन लाकडात दाबा. सहज आत गेला तर तो खांब गेला. पण उत्साहाच्या भरात दोन्ही बाजू एकदम सोलू नका. पत्राही आकार धरून ठेवत असतो. एक बाजू घ्या, आतून तिरके टेकू मारा, मापं लिहा, मग पुढे. कुजलेला तुकडा फेकू नका, नवा त्याच्यावर बेतूनच कापायचा असतो. नव्या लाकडाला चारही बाजूंनी प्रायमर हवा, कापलेल्या टोकांना तर जास्तच. दोन धातू जिथे भेटतील तिथे ड्युरालॅकसारखी गंज रोखणारी पेस्ट.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि पत्रा बंद करण्याआधीचे फोटो मागा. "आमच्यावर विश्वास नाही का?" असं कोणी विचारलं तर दुसरं वर्कशॉप शोधा.

कोणीतरी वर सुचवलंय की त्यापेक्षा रूटमास्टर (लंडनची जुनी डबलडेकर) घ्या, लाकडाची कटकट नाही. खरंय, तिची बॉडी ॲल्युमिनियमची आणि वेगळी चासीसुद्धा नाही. पण चौदा फुटांहून उंच गाडी ठेवणार कुठे? बेस्टच्या जुन्या डिझेल डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ला बंद झाल्या तेव्हा जीव माझाही कळवळला, पण तेवढ्यासाठी कोणी डबलडेकर घेऊ नये. बंद शेड मिळत नसेल तर ओबीसुद्धा घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत. ताडपत्री हा उपाय नव्हे. तिच्याखाली ओल कोंडते.

मूळ रंग कोणता ते शोधायचं असेल तर ड्रॉइटविचच्या 'द बस आर्काइव्ह'कडे (पूर्वीचा किटहेड ट्रस्ट) बस कंपन्यांची जुनी कागदपत्रं आहेत, तुम्हाला जवळच. विथॉलचं ट्रान्सपोर्ट म्युझियमही एकदा बघून या, तिथे जुन्या बसवर हात चालवणारी माणसं भेटतात.

आणखी दोन गोष्टी. पेट्रोल ई५ (कमी इथेनॉलचं) घाला. ई१०मधलं जास्तीचं इथेनॉल जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. आणि गिअरबॉक्स रडल्यासारखा आवाज करतो म्हणून घाबरू नका, ओबी तशीच गाते. त्यासाठी कोणी गिअरबॉक्स उघडायचे पैसे मागितले तर देऊ नका.

दाराच्या खांबाचा पायथ्याजवळचा फोटो टाका, पट्टी काढून. वरचा चकचकीत भाग नको.