हरवलेले दिवस, सरकलेल्या तारखा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या मुलीच्या इतिहासाच्या पुस्तकात रशियातील ‘ऑक्टोबर क्रांती’ ७ नोव्हेंबर १९१७ रोजी झाल्याचे छापले आहे. ही छपाईची चूक समजायची का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : चूक नाही. बोल्शेविकांनी पेत्रोग्राडमध्ये उठाव केला, त्या दिवशी त्या शहरात २५ ऑक्टोबर हीच तारीख होती. लंडन, पॅरिस आणि आपल्या मुंबईत मात्र त्याच दिवशी ७ नोव्हेंबर होता. हे कसे घडले, हे समजण्यासाठी रोमपर्यंत मागे जावे लागते.

ज्युलियस सीझरने इ. स. पू. ४५ पासून जी कालगणना लागू केली, तिच्यात वर्ष ३६५ दिवसांचे आणि दर चौथे वर्ष ३६६ दिवसांचे धरले होते. म्हणजे वर्षाची सरासरी ३६५ दिवस ६ तास झाली. ऋतूंचे खरे वर्ष याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान आहे. एका वर्षात ही ११ मिनिटे कोणाच्या ध्यानातही येत नाहीत, पण ती साठत जाऊन सुमारे १२८ वर्षांत एक अख्खा दिवस होतो. सोळाव्या शतकापर्यंत या साठलेल्या मिनिटांमुळे वसंतसंपात, म्हणजे वसंतात दिवस आणि रात्र सारखे होण्याचा दिवस, २१ मार्चऐवजी ११ मार्चच्या सुमारास येऊ लागला होता. चर्चला याची काळजी वाटली ती ईस्टरमुळे. हा सण वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेवरून ठरतो आणि चर्चच्या गणितात संपात २१ मार्चलाच धरलेला असल्याने, सण आणि आकाश यांची फारकत होत चालली होती.

यावरचा तोडगा सुचवला तो इटलीतील कॅलाब्रियाच्या अलॉयसियस लिलियस या वैद्याने. तो १५७६ मध्ये वारला, त्यामुळे आपल्या हिशेबाचे पुढे काय झाले हे त्याला पाहायला मिळाले नाही. क्रिस्टोफर क्लाव्हियस या जेझुइट गणितज्ञाने तो हिशेब तपासून त्याचा पाठपुरावा केला आणि पोप तेरावे ग्रेगरी यांनी २४ फेब्रुवारी १५८२ रोजी तसे फर्मान काढले. शतकाचे वर्ष ४०० ने नि:शेष भागले जात असेल तरच ते लीप वर्ष धरायचे, असा नवा नियम झाला. म्हणून १६०० आणि २००० ही लीप वर्षे ठरली, १७००, १८०० आणि १९०० ठरली नाहीत. आधीच साठलेला फरक काढून टाकण्यासाठी गुरुवार, ४ ऑक्टोबर १५८२ नंतरचा दिवस शुक्रवार, १५ ऑक्टोबर मानला गेला. मधले दहा दिवस गेले, पण वारांचा क्रम मोडला नाही, हे मला या सुधारणेतील मोठे शहाणपण वाटते.

नेमक्या त्याच रात्री स्पेनमधील आल्बा दे तोर्मेस या गावी आविलाच्या संत तेरेसा यांचे देहावसान झाले. ४ तारखेच्या रात्री त्या गेल्या आणि उजाडले ते १५ तारखेला. त्यांचा स्मृतिदिन आजही १५ ऑक्टोबरला पाळला जातो.

स्पेन, पोर्तुगाल, पोलंड आणि इटलीचा बराचसा भाग यांनी पोपचे फर्मान लगेच मानले. प्रॉटेस्टंट राज्यांनी दीर्घकाळ नाकारले आणि ऑर्थोडॉक्स रशियाने तर क्रांती होईपर्यंत. दरम्यान १७००, १८०० आणि १९०० या तीन वर्षांमुळे फरक दहावरून तेरा दिवसांवर गेला होता. रशियात शेवटी ३१ जानेवारी १९१८ नंतर एकदम १४ फेब्रुवारी उजाडला.

प्रश्न : शिवराज्याभिषेक आपण ६ जून १६७४, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा मानतो. पण तारखेवरून तिथी काढून देणाऱ्या एका संगणकीय सोयीत ही तारीख भरली, तर तिथी तृतीयेच्या आसपास दिसते. मग तारीख चुकीची की तिथी? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दोन्ही बरोबर आहेत. अशा बऱ्याच सोयी आजची ग्रेगोरियन गणनाच मागे मागे नेतात, आणि ६ जून ही तारीख जुन्या, म्हणजे ज्युलियन गणनेची आहे. ब्रिटनने १७५२ पर्यंत नवी गणना स्वीकारली नव्हती. मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन सोहळ्यासाठी रायगडावर हजर होता. सिंहासनाच्या एका बाजूस भाल्यांवर लावलेली माशांची सोन्याची मस्तके आणि दुसऱ्या बाजूस सोन्याचा तराजू त्याने पाहिला आणि नोंदवून ठेवला, तो जुन्या गणनेनेच. त्याच दिवशी गोव्यात पोर्तुगीजांच्या दप्तरात मात्र १६ जून होता, कारण पोर्तुगालने नवी गणना १५८२ मध्येच घेतली होती. रायगड ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, मुंबई ६ जूनला आणि गोवा १६ जूनला, असा हा एकच शनिवार होता. आपल्या सोयीत १६ जून घालून पाहा, तिथी जुळेल.

इंग्रजी कागद वाचणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इंग्लंडमध्ये त्या काळी कायद्याने नवे वर्ष १ जानेवारीला नव्हे, तर २५ मार्चला सुरू होई. सुरतेवरची महाराजांची पहिली स्वारी जानेवारी १६६४ मधली, पण तेव्हा तिथल्या इंग्रज वखारवाल्यांच्या लेखी १६६३ सालच चालू होते. जानेवारी ते मार्चमधल्या अशा पत्रांचे साल न तपासता उचलले, तर घटनाक्रम वर्षभराने उलटापालटा होतो.

प्रश्न : गॅलिलिओ ज्या वर्षी वारला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, हे खरे आहे का? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : दोन देशांच्या दोन कालगणना एकत्र केल्या तरच. गॅलिलिओचा मृत्यू ८ जानेवारी १६४२ चा, इटलीच्या नव्या गणनेप्रमाणे. न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२ चा, इंग्लंडच्या जुन्या गणनेप्रमाणे. इटलीत त्या दिवशी ४ जानेवारी १६४३ होता.

प्रश्न : ३० फेब्रुवारी ही तारीख कधी खरोखर होती का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : होती, स्वीडनमध्ये, १७१२ साली. अकरा दिवस एकदम गाळण्याऐवजी चाळीस वर्षे लीप दिवस न धरता हळूहळू नव्या गणनेवर जायचे, असे स्वीडनने ठरवले. १७०० चा लीप दिवस वगळलाही. पण रशियाशी युद्ध पेटले आणि १७०४ व १७०८ मध्ये ठरलेली गोष्ट राहून गेली. परिणामी स्वीडनची तारीख ना जुन्या गणनेशी जुळे, ना नव्या. अखेर राजा बाराव्या चार्ल्सच्या काळात १७१२ च्या फेब्रुवारीला जास्तीचा दिवस जोडून देश जुन्या गणनेवर परतला. नवी गणना तेथे १७५३ मध्ये आली.

प्रश्न : इंग्लंडमध्ये “आमचे अकरा दिवस परत द्या” म्हणत लोकांनी दंगली केल्या होत्या, असे वाचले. (एक वाचक, पुणे)

उत्तर : ही गोष्ट अनेक पुस्तकांत आहे, पण अशा दंगलींचा त्या काळचा पुरावा इतिहासकारांना सापडलेला नाही. १७५२ मध्ये इंग्लंडमध्ये बुधवार, २ सप्टेंबरनंतर गुरुवार, १४ सप्टेंबर आला, एवढे निश्चित. दंगलींची समजूत बहुधा विल्यम होगार्थ या चित्रकाराच्या निवडणुकीवरील चित्रामुळे पसरली. मेजवानीच्या त्या दृश्यात जमिनीवर पडलेल्या फलकावर ही मागणी लिहिलेली दिसते. ते चित्र निवडणुकीतील गैरप्रकारांवर टीका करणारे होते. पुढच्या पिढ्यांनी ते घडलेल्या घटनेची नोंद म्हणून वाचले.

प्रश्न : रशियात नाताळ ७ जानेवारीला का असतो? (एक वाचक, पणजी)

उत्तर : सरकारने १९१८ मध्ये गणना बदलली, पण रशियन ऑर्थोडॉक्स चर्चने सणांसाठी जुनीच ठेवली. जुन्या गणनेचा २५ डिसेंबर आज ७ जानेवारीला येतो. २१०० हे वर्ष जुन्या गणनेत लीप आहे, नव्या गणनेत नाही. त्यामुळे फरक तेव्हा चौदा दिवसांचा होईल आणि चर्चने तोवर काही बदल केला नाही, तर २१०१ मध्ये तेथील नाताळ ८ जानेवारीला येईल.