क्रेडिट कार्डचं देणं फेडणं अशक्य झालंय, बँक आत्याची पागडीची खोली घेऊ शकते का?

तुम्ही लिहिलंय की आत्या ७२ वर्षांच्या आहेत, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झाल्या, गिरगावात चाळीत पागडीच्या खोलीत एकट्याच राहतात. कार्डाचे सव्वातीन लाख थकलेत आणि वसुलीवाला "खोलीला टाळं ठोकू" असं बजावून गेलाय. आज त्यांना एवढंच सांगा की असं टाळं त्याला ठोकता येत नाही. त्यांना रात्रीची झोप लागू दे, बाकीचं उद्या.

लालबागला माझ्या मामांवर हीच वेळ आली होती, म्हणून मला हे सगळं शिकावं लागलं.

कार्डाचं कर्ज विनातारण असतं. तारण ठेवलेलं घर बँक ज्या सरफेसी कायद्याने ताब्यात घेते, तो इथे लागूच होत नाही. बँकेला कोर्टात दावा लावून किंवा लवादाकडे जाऊन निकाल मिळवावा लागतो, त्यानंतर जप्तीचा अर्ज. आणि तिथे दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० आडवं येतं. काय काय जप्त करता येत नाही, याची यादीच त्यात दिली आहे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, आणि त्याच यादीत पुढे भाडेनियंत्रण कायदा लागू असलेल्या राहत्या जागेतला भाडेकरूचा हक्क. आत्यांची पागडीची खोली, म्हणजे जुन्या भाड्याने चालत आलेली जागा, यातच येते. वकिलीणबाईंनी हे वाचून दाखवलं तेव्हा मी त्यांना पुन्हा एकदा वाचायला लावलं होतं. महापालिकेचं पेन्शनही याच कलमाखाली सुरक्षित आहे. शिवाय कलम ५६ प्रमाणे पैशांच्या हुकूमनाम्यापायी (पैसे द्या, अशा कोर्टाच्या निकालापायी) बाईमाणसाला अटक करता येत नाही, त्यामुळे व्हॉट्सॲपवर येणाऱ्या 'वॉरंट'ला घाबरू नका. (आत्या पागडीवर नसून अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर असत्या, तर मी हे इतक्या खात्रीने लिहिलं नसतं. तिथे मुदत संपली की जागा सोडावीच लागते.)

म्हणजे खोलीला धोका बँकेकडून नाही. धोका आहे तो थकलेल्या भाड्याचा आणि धास्तीने केलेल्या सहीचा.

मामांचं तेच झालं. रोज फोन यायचे म्हणून पेन्शन हातात पडलं की ते आधी कार्डवाल्यांना भागवायचे. भाडं जेमतेम साडेतीनशे रुपये, तेच आठ महिने राहिलं. मालकाचा भाडं गोळा करणारा मेहताजी यायचा बंद झाला तेव्हा आम्हाला उलट बरं वाटलं. मग मालकाच्या वकिलाची नोटीस आली. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १५ प्रमाणे नोटीस दिल्यावर ९० दिवस उलटल्याशिवाय मालकाला थकबाकीचा दावा लावता येत नाही, आणि दावा लागलाच तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत १५ टक्के व्याजासह सगळी बाकी भरून जागा वाचवता येते. आम्ही नोटिशीच्या मुदतीतच भरलं. पण साडेतीनशे रुपयांपायी आयुष्यभराची खोली पणाला लागली होती, ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

म्हणून पेन्शन आलं की आधी भाडं, लाइटबिल, औषधं. कार्ड सगळ्यात शेवटी. भाड्याची पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. भाडंच घेत नसेल तर मनीऑर्डर करा, आणि ती परत आली तर तो कागदही जपून ठेवा. दुसरं, वसुलीवाल्यांचा जाच नको म्हणून आत्यांना तुमच्या घरी आणून खोली कुलूपबंद ठेवायचा विचार असेल, तर तो सोडून द्या. सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरात नसणं, हे मालकाला ती परत मागायचं कारण होऊ शकतं.

पेन्शनचं खातं आणि कार्ड एकाच बँकेत असेल तर खातं आधी दुसऱ्या बँकेत हलवा, नाहीतर बँक खात्यातून परस्पर रक्कम वळती करून घेण्याची भीती राहते.

आता सहीबद्दल. तडजोडीसाठी पुढच्या तारखांचे चेक देऊ नका. चेक वटला नाही तर दिवाणी देणं फौजदारी खटल्यात जातं. लोकअदालतीचं पत्र आलं तर जरूर जा, पण झेपणार नाही असा हप्ता कबूल करू नका. तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. "मी कर्ज फेडतो, तुम्ही खोली सोडा" असं मालक गोडीगुलाबीने म्हणाला तर आत्यांनी एकटीने कशावरही सही करायची नाही. तुम्हीही जामीन राहू नका. एकरकमी तडजोड जमण्यासारखी असेल तर आधी बँकेचं लेखी पत्र, मग पैसे.

वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. धमकावणं, शेजाऱ्यांसमोर बदनामी करणं हेही चालत नाही. तारीख-वेळ वहीत टिपून बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, तिथे फी नाही.

कोर्टाचं खरं समन्स मात्र कधीच बाजूला टाकू नका. समरी दावा (झटपट निकालासाठीचा) असेल तर हजर व्हायला जेमतेम १० दिवस मिळतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आत्यांसाठी तो आत्ताच मागून ठेवा.

उद्या त्यांच्याकडे जाल तेव्हा भाडेपावत्यांचं पुडकं काढून बघा. पावती आत्यांच्याच नावावर फाडली जाते ना? अजून आजोबांचंच नाव चालू असेल तर इथे लिहा, आधी त्याचं बघावं लागेल.